पाहुण्यांचा पेला

८ जुलै

नुझा उद्या येतेय, ब्रसेल्सहून. तीन वर्षांनी. सकाळपासून यम्मानं मला नुसतं नाचवलंय — गाद्या गच्चीवर ने, गालिचा झटक, पुदिना आण. 'हा कसला पुदिना, गाढवे? नुसते दांडे! जा, परत देऊन ये!' गेले. दिला.

दुपारी मला विचारते, 'कोण येणारे म्हणालीस?'

'तुझी लाडकी लेक,' मी म्हटलं.

'कोण लाडकी?'

थट्टा करतेय असं वाटलं. थट्टा नव्हती. हिवाळ्यापासून हे असं अधूनमधून. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. मी अंगरख्याच्या गुंड्या विणत बसले. रेशमाचा धागा सारखा तुटत होता.

९ जुलै

आली. गोरी झालीय. तीन बॅगा, अत्तर, माझ्यासाठी शाल — जुलैत! इथं सफ्रू गावात उन्हाची भट्टी पेटलीय आणि बाईसाहेबांनी लोकरीची शाल आणलीय.

यम्मानं तिला बरोब्बर ओळखलं. काल नाव आठवत नव्हतं, आज 'माझी नुझा, माझं काळीज!' आणि मग स्टुलावर चढून फळीवरचे पेले काढले. सोनेरी काठाचे, लाल. मी धावले, पडशील म्हणून. तर मलाच हिसका — 'हो बाजूला!'

त्या पेल्यांना घरच्यांनी ओठ लावायचा नाही, असा या घरातला कायदा. लहानपणी मी एकदा लावला होता आणि थप्पड खाल्ली होती. आजवर ते मी धुतले, पुसले, फडक्यात गुंडाळून ठेवले. पाहुणे प्याले. आज नुझा प्याली. माझा चहा नेहमीच्या जाड पेल्यात, काठाला टवका उडालेल्या.

१० जुलै

मी जळतेय. घ्या, लिहून टाकलं.

११ जुलै, शुक्रवार

कुसकुस. गव्हाचा रवा पहाटेपासून मीच वाफवला. परातीभोवती तिघी बसलो. यम्मानं मधला मांसाचा तुकडा बोटांनी सोडवून नुझापुढं सारला, वर दुसराही. मला म्हणाली, 'तू गाजरं खा, तुला आवडतात.'

मला गाजरं आवडत नाहीत. जन्मात आवडली नाहीत!

आणि ती नुझा! 'राहू दे गं यम्मा, बतूलला दे.' उदार! मी म्हटलं, 'खा खा, तिकडं कुठं मिळतं.' इतकं गोड बोलले की माझी मलाच शिसारी आली.

यम्माला आंघोळ कोण घालतं? दार उघडं टाकून ती बाजाराकडं निघाली तेव्हा अनवाणी मागं कोण पळालं? पण असं मोजायला लागलं की माणूस किती हलकं होतं. हे कळतं आणि तरी मोजते.

१३ जुलै

शेजारच्या रकिया मावशी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. माझं तोंड बघूनच म्हणाल्या, 'बहिणीवर जळतेस ना?'

'नाही हो, मावशी!'

'जळ की! पण उघड जळ. झाकलेल्या निखाऱ्यानंच गालिचा जळतो, बाई.'

मला आधी राग आला. मग हसू आलं. मग मिरच्यांच्या आडून रडून घेतलं, आणि त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं.

१४ जुलै

आज मूर्खपणा केला. दोघी दुपारी झोपल्या होत्या. मी सोनेरी काठाचा पेला काढला, चहा ओतला, बैठकीत मधल्या उशीला टेकून बसले. राणीसारखी! चहा तोच. पुदिनाही तोच जून.

आणि यम्मा दारात. 'ठेव तो! पाहुण्यांचा आहे तो! लाज नाही वाटत?' या वयात पुन्हा बोलणी. मागून नुझा आली, हसायला लागली आणि एकदम गप्प झाली. मला तिची चामडी सोलावीशी वाटली.

१५ जुलै

संध्याकाळी गच्चीवर नुझा माझ्याजवळ येऊन बसली. मी गुंड्या विणतच राहिले. मनाशी ठरवलं, निखारा उघडायचा. म्हटलं, 'मी तुझ्यावर जळते. तू आल्यापासून. खरं तर तू गेल्यापासून.'

मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, 'काल यम्मा तुझ्यावर कशी ओरडली!'

'मजा वाटली ना?'

'मला नाही ती ओरडत, बतूल. आल्यापासून एकदाही नाही. काल त्यानंतर मीही तो पेला हातात धरून मुद्दाम वाकडा केला, गालिच्यावर चहा सांडला. म्हणाली, असू दे बाळ, होतं असं. हे यम्मा म्हणाली, मला! लहानपणी मी साखर सांडली म्हणून जिनं मला दाराबाहेर काढलं होतं!' तिनं माझा टवका उडालेला पेला उचलला आणि त्यातला माझा उष्टा, गार चहा पिऊन टाकला. 'पाहुण्यांवर कोण ओरडतं गं?'

धागा हातात तसाच राहिला. म्हणजे ही माझ्यावर जळत होती! माझ्या शिव्यांवर!

१६ जुलै

'पोळी करपवलीस, आंधळी आहेस का?' — यम्मा, सकाळी. मी नुझाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दोघी तोंडात बाही कोंबून हसलो. यम्मा आणखी भडकली. काय छान भडकते!

जळणं गेलंय का? नाही. गाजरं पुढं आली की चुर्रर्र होतंच. होऊ दे. आता ते आलं की मी म्हणते, ये बाई, बस. लपवाछपवीत दम जायचा, तो तरी वाचतो.

२७ जुलै

नुझा गेली. निघताना यम्मानं विचारलं, 'पुन्हा कधी येणार तुम्ही?' नुझानं माझा हात इतका घट्ट दाबला की दुखला.

'तुम्ही'कडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

पेले धुऊन, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवले.

२ ऑगस्ट

सकाळी उठले तर यम्मा माझ्याआधी उठलेली, डोक्याला स्वच्छ रुमाल. मला हाताला धरून बैठकीत नेलं. पाठीला उशी दिली. किती गोड आवाज! सोनेरी काठाचा पेला माझ्यापुढं ठेवला, उंचावरून चहा ओतला, एक थेंब सांडला नाही.

'घ्या ना,' म्हणाली. 'संकोच करू नका. आपलंच घर समजा.'