साठ जर्नलांखाली माझी सही

१२ जानेवारी १९८७

प्राचार्य आज स्वतः लायब्ररीत आले. बसले नाहीत. "एकोणतीसला विद्यापीठाची समिती येतेय. त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटरच्या लेक्चरर."

मी हसले. ते हसले नाहीत.

मी एम. ए. आहे, मराठी घेऊन. हे त्यांना माहीत आहे. ग्रंथपाल म्हणून नेमणुकीचा कागद त्यांनीच हातात दिला होता, जून चौऱ्याऐंशीत, कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात.

"मला त्यातलं काही येत नाही, सर."

"येण्याचं काम नाही. उभं राहण्याचं काम आहे." दारापर्यंत जाऊन वळले. "तुमचा भाऊ आपल्याकडेच आहे ना, तिसऱ्या वर्षाला?"

एवढंच. 

१३ जानेवारी

समितीला सात लेक्चरर दाखवायचे आहेत. आहेत दोन. कुंभिवलीला, हायवेच्या कडेच्या गोदामात प्लायवूडच्या भिंती घालून केलेलं हे कॉलेज — इथे कोण राहणार? मुंबईहून पोरं येतात, शिकवतात, सहा महिन्यांत कंपनीत लागतात. मग पुढचा येईपर्यंत तास रिकामा. पाटी मात्र मोठी आहे : इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी, पदवी अभ्यासक्रम.

आईला सांगितलं. ती भात पाखडत होती. "मास्तरीणच म्हंतायत ना? चोर तर नाय म्हनत." आणि पुन्हा पाखडायला लागली.

१६ जानेवारी

संध्याकाळी गजा मला शिकवतो. ओसरीवर बसून. रॅम म्हणजे काय, रॉम म्हणजे काय, मायक्रोप्रोसेसरला किती पाय. मी पाठ करते. पाठांतर मला येतं. अर्थ लागत नाही, पण ओळ चुकत नाही.

"ताई, तू आमच्या वर्गात पहिली येशील."

पुठ्ठ्यावर त्याने कॉम्प्युटरची बटणं आखली आहेत. त्यावर बोटं चालवून सराव करतो. अक्षर कुठे उमटतं, विचारलं. डोक्याला बोट लावून दाखवलं.

"खरं यंत्र किती वेळा पाहिलंस?"

"एकदा. मुंबईला, प्रदर्शनात. काचेपलीकडं होतं."

तीन वर्षं झाली. मी त्याच इमारतीत बसते आणि हे कधी विचारलं नव्हतं.

२१ जानेवारी

आज जर्नलं.

मुलं केलेला प्रत्येक प्रयोग वहीत उतरवतात — आकृती, यंत्रावर दिसलेले आकडे, निष्कर्ष. खाली लेक्चररची सही. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. समितीला ही जर्नलं लागतात.

साठ मुलं. प्रत्येकाचे दहा प्रयोग. एकही केलेला नाही. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजातून एक वही आणली आणि सगळ्यांनी ती उतरवली. साठही वह्यांत तेच आकडे. मूळ वहीत एका ठिकाणी आकडा खोडून वर नवा लिहिला असावा. साठांनीही खोडून वर नवा लिहिला आहे.

प्राचार्य म्हणाले, तुमच्या सहीला वळण आहे, तुम्हीच करा. मागच्या तारखा घालून केल्या. ज. धा. ठोंबरे. सहाशे वेळा.

शेवटी शेवटी वाचतही नव्हते. चांगोचं अक्षर तेवढं लक्षात राहिलं. चांगो म्हणजे गजाचा दोस्त, पलीकडच्या आळीतला. सातवा प्रयोग : कपॅसिटर चार्ज करणे व डिस्चार्ज करणे. हाताळण्यापूर्वी डिस्चार्ज केल्याची खात्री करावी. ही ओळ त्याने पट्टी लावून अधोरेखित केली होती. मी खाली सही केली.

मनगट दुखतं आहे.

२७ जानेवारी

पुण्याहून टेंपो आला. बारा कॉम्प्युटर, दोन दिवसांसाठी उसने. पोशाने उतरवले. तो आमचा शिपाई, वर डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत येतो. पेटी खांद्यावर घेऊन मला म्हणाला, "बाय, ह्या दोन जड हायत. बाकीच्या म्हंजे निस्ती टरफलं."

"हळू बोल, पोशा."

"मी काय बोलतोय? खांदा बोलतोय."

२९ जानेवारी

झालं.

समितीत तिघे. एक म्हातारे प्राध्यापक, चष्म्याला दोरी, तेच काय ते बघत होते. बाकीचे दोघे जेवणाचं विचारत होते. मला पाचव्या टेबलाशी उभं केलेलं. चालणारी यंत्रं पहिली दोन. मुलं त्यांच्यापुढे बसवलेली, गजा पहिल्यावर. तो कॅलेंडर छापून दाखवत होता. कान लाल झालेले. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या बटणांवर बोटं होती, आणि ती त्याला सापडली.

म्हातारे तिथून पुढे आले. थेट माझ्याकडे.

"काय शिकवता, बाई?"

मी पाठ म्हटला. रॅम, रॉम, सगळं. ते मान हलवत होते. मग म्हणाले, "हे चालू करा." आणि पेटीवर हात ठेवला.

गजा माझ्याकडे बघत होता. साठ पोरं माझ्याकडे बघत होती.

लाईट गेली.

पंखे थांबले. कोणी तरी म्हणालं, इकडे हे रोजचंच. प्राचार्य म्हणाले, तोवर जेवून घेऊ. म्हाताऱ्यांनी पेटीवरचा हात काढला, बोटांची धूळ पाहिली आणि गेले.

३० जानेवारी

पोशा म्हणाला, "मला खटक्याजवळ हुबा केला व्हता. सायबानं पाचव्या पेटीला हात लावला का खाली वढायचा." मग, "काय करू बाय. नोकरी मलाबी हाय."

१९ फेब्रुवारी

मान्यता मिळाली. तीन वर्षांसाठी. पुढच्या जूनपासून साठऐवजी एकशेवीस मुलं. पेढे वाटले. मी खाल्ला. न खाणं दिसलं असतं.

प्राचार्यांना म्हटलं, आता माझं नाव यादीतून काढा. तेव्हा कळलं की यादीत मी एका दिवसाची नाही. अनुभव दाखवायचा म्हणून माझी नेमणूक जून चौऱ्याऐंशीपासून लेक्चरर अशीच लिहिली आहे. पानावर पान, सगळ्या हजेऱ्या नव्या लिहून काढल्या आहेत.

"राहू द्या हो. कागद कोण वाचतं?"

१० मार्च

चांगोचा हात भाजला.

तिसऱ्या वर्षाची मुलं महिनाभर कारखान्यांत पाठवतात, काम बघायला. चांगो आणि गजा एकाच ठिकाणी होते. मोटारीचं पॅनेल उघडं होतं, वीज बंद केलेली. फोरमनने सांगितलं, आतली तार सोडवा. चांगोने हात घातला. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज तशीच होती.

गजा दुपारी घरी आला तो भिंतीशी बसून राहिला. आईने पाणी दिलं, ते धरून बसला. मग म्हणाला, "फोरमन वरडला त्याला. उचलताना पण वरडत होता : डिस्चार्ज करायचा असतो, कॉलेजात हातानं केलं नाय काय रं तुमी?"

"मग?"

"मी सांगितलं, केलंय. जर्नलात आहे."

११ मार्च

जर्नलं लायब्ररीच्याच कपाटात आहेत. चांगोचं काढलं. सातवा प्रयोग. अधोरेखित ओळ. खाली माझी सही, वळणदार.

परत ठेवलं. कुलूप लावलं. पुन्हा जाऊन कुलूप ओढून पाहिलं.

१३ मार्च

दवाखान्यात गेले. उजव्या हाताची दोन बोटं काढली. तिसऱ्याचं अजून सांगत नाहीत. चांगो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला पाहून उठायला लागला — बाई आल्या म्हणून.

त्याची आई गौराबाई पायथ्याशी बसलेली. मला ओळखते ती गजाची बहीण म्हणून. आता चांगोने तिला सांगितलंय की ह्या आमच्या बाईसुद्धा आहेत, जर्नलावर यांचीच सही आहे.

"त्याचंच ध्यान नसतं, बाय," ती म्हणाली. "तुमी शिकवलं आसंल, ह्यो आयकत नाय. परीक्षेला नाय बसला तरी नापास नका करू त्याला."

मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नर्स आली. नर्स गेली तरी मी सांगितलं नाही.

२ एप्रिल

घरी येताना खोपोलीच्या एस. टी. स्टँडवर म्हाताऱ्या प्राध्यापकांसारखे कोणी दिसले. खांबाआड उभी राहिले. ते नव्हते. गाडी चुकली.

८ एप्रिल

विद्यापीठाचं पाकीट. माझ्या नावावर.

तिसरं वर्ष, मायक्रोप्रोसेसर व कॉम्प्युटर, प्रात्यक्षिक परीक्षा : अंतर्गत परीक्षक, कु. ज. धा. ठोंबरे. केंद्र आमचंच. परीक्षकाला किमान दोन वर्षं शिकवल्याचा अनुभव लागतो. आमच्या यादीत तेवढा अनुभव एकीचाच आहे.

कागद कोणी तरी वाचला.

दिवसभर तो उशाखाली ठेवला. आईने गोधडी झटकताना बाहेर पडला. तिला वाचता येत नाही. तरी तिने तो दोन्ही हातांनी उचलून दिला.

९ एप्रिल

नकार द्यायचा म्हणून गेले. प्राचार्यांनी पत्र पाहिलं तेव्हा क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर माझीच भीती दिसली. मग ती गेली.

"उत्तमच झालं की. घरचा परीक्षक."

"मी नाही म्हणून कळवते."

"कळवा. ते कारण विचारतील. मग यादी मागवतील. मग तुमचं सर्टिफिकेट मागवतील. सह्या कोणाच्या आहेत, बाई? माझी एकही नाही."

खरं आहे. एकही नाही.

गुण कसे द्यायचे ते समजावलं. पंचवीसपैकी कोणाला अठराच्या खाली नाही. चांगोही हजर दाखवायचा, वीस द्यायचे. "म्हणजे कुठे बोलायला जाणार नाही." बाहेरचे परीक्षक येतील, त्यांची चिंता करू नका, त्यांची पद्धत ठरलेली आहे.

१४ एप्रिल

गजाला विचारलं — तू काय म्हणतोस?

"एक वर्ष राहिलंय, ताई. कागद मिळू दे. बाकीचं मी नोकरीत शिकेन."

"चांगो पण नोकरीतच शिकत होता."

तो उठून बाहेर गेला. विहिरीवर कळशी आपटल्याचा आवाज आला. पाणी भरून आला तेव्हा म्हणाला, "मला काय वाटतं ते विचारू नकोस. मला भीती वाटते." मला वाटत होतं, घरात ती मला एकटीलाच आहे.

१८ एप्रिल

झोप नाही. जेवण खाली जात नाही. आई म्हणते, दृष्ट लागली. मीठ-मोहरी उतरून टाकली.

२० एप्रिल

परीक्षा. यंत्रं नाहीतच, ती जानेवारीतच परत गेली. टेबलं आहेत, टेबलांवर पांढरी कापडं आहेत.

बाहेरचे परीक्षक लांबच्या जिल्ह्यातले. नऊला आले. पद्धत म्हणजे काय ते कळलं : चहा पिता पिता कोऱ्या गुणपत्रकांवर त्यांनी खाली सह्या करून ठेवल्या. तिन्ही पानांवर. "तुम्ही भरा, बाई, मुलं तुमची आहेत." माथेरान पाहिलं नव्हतं म्हणाले. घोड्यावर बसायला मिळतं का, विचारत होते. प्राचार्य स्वतः त्यांना घेऊन गेले, दोन दिवसांसाठी.

जाताना मला पेन्सिलने लिहिलेली गुणांची यादी दिली. "ही उतरून काढा. पाकिटाला लाख तुमच्याच हातची लागते आणि पोस्टातही तुम्हीच टाकायचं, नियम आहे. आम्ही येईपर्यंत गेलेलं असू द्या."

मुलं नंबराने आत आली. प्रत्येकाला म्हटलं, बस. बसली. प्रत्येकाला विचारलं, काय करता येतं? चोपन्न गप्प. पाच जणांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. मी म्हटलेलंच.

चांगोची खुर्ची रिकामी.

पोशा दाराशी उभा होता. "बाय, खटका वढायचा हाय का आज?"

नाही, म्हटलं.

२१ एप्रिल

दुपारी कर्जत पोस्टातून रजिस्टर केलं. तिन्ही पानं, खाली दोन्ही सह्या. गुणांचा रकाना कोरा ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात साठ नावांपुढे साठ वेळा तेच लिहिलं : यंत्र नाही, प्रयोग झाला नाही. माझ्या नावाखाली — एम. ए., मराठी.

घरी आले तर गजा दारातच. "किती दिलेस मला?"

"चांगोइतकेच."