क्रेस्टन पळाला त्या दिवशीचा झेंडा

ल्युनहोय तुरुंग-शेती, जटलंड
४ मे १९८६

ती. थ्यूराआत्यास आस्गेरचा सा. नमस्कार, वि. वि.

गुडघा काय म्हणतो? यंदा आमच्या तुरुंगाच्या शेतीला पंचाहत्तर वर्षं होतायत. इतिहासाची पाटी लिहायचं लचांड साहेबांनी माझ्या गळ्यात मारलंय. कैद्यांनी माळरान फोडून बीट कसं पिकवलं, कुंपणभिंत बांधायची कशी राहूनच गेली, सगळं लिहिलं. शेवटी साहेबांना एक ओळ हवी आहे, की इथून कधीच कुणी पळालं नाही.

तुझे बाबा क्रेस्टन इथूनच पळाले होते असं तू जन्मभर ऐकवत आलीस. पण साहेब म्हणतात, संध्याकाळच्या हजेरीला क्रेस्टन गोठ्यात दूध काढत होता, मग पळाला कसला? आता काय करू ते तूच सांग.

लोभ आहेच, रागावून कमी करू नये.

तुझा आस्गेर

९ मे १९८६

चि. आस्गेरला अनेक आशीर्वाद.

गुडघा गेला खड्ड्यात! माझे बाबा पळाले होते म्हणजे होतेच. घरी दारू गाळली म्हणून आत गेले, पण माझ्या सहाव्या वाढदिवसाला येईन असा शब्द देऊन गेले. आणि आले, बीटच्या शेतातून तडक, हातात खुरपं तसंच! आई इतकी हरखली की तिनं अंगणात झेंडा चढवला. वाढदिवस म्हटला की घरोघरी झेंडा चढतोच, मग माझ्या नको का? घरात फरारी कैदी नि दारात झेंडा, अख्ख्या माळाला दिसला.

पाठोपाठ पहारेकरी हजर, म्हणजे तुझे आजोबा आनर्स. आईनं त्यांना कॉफीला बसवलं. सात तऱ्हांचे केक, आणि त्यातला एक जरी न चाखता उठणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. वाढायला बाबांची बहीण मारेन. आनर्स तिसऱ्या केकवर होते तेव्हा बाबांना तुरुंगाच्या गोठ्यातली आपली तांबडी गाय आठवली. ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. बिचारे मागच्या दारानं परत गेले. आनर्स मात्र सातवा संपवून मारेनकडे बघत पुन्हा पहिल्यावर आले! हजेरीला कैदी जागेवर, पहारेकरी बेपत्ता. तिच्याशीच लग्न केलं मेल्यानं, म्हणून तर तू आहेस.

हसू नकोस. पाटीवर कुणीच पळालं नाही असं लिहिलंस तर बाबा माझ्यासाठी आलेच नव्हते असं होईल. तेवढं करू नकोस रे बाळा.

लोभ किती ठेवायचा ते पाटी वाचून ठरवीन.

थ्यूराआत्या

२० मे १९८६

ती. आत्यास सा. नमस्कार.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांनी कॉफी सांडली, मग नाक शिंकरत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पाटी रंगवून झाली. शेवटची ओळ अशी: 'लेकीच्या वाढदिवसाला क्रेस्टन इथून पळाला आणि दूध काढायला परत आला. त्याला पकडायला गेलेला पहारेकरी अजून केक खातो आहे.'

समारंभ तुझ्या वाढदिवशीच ठेवलाय. झेंडा मी चढवणार, केक कैदी भाजणार, सातही. चाखल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही असा साहेबांचा हुकूम आहे.

लोभ वाढवावा, आणि येताना भूक घेऊन यावं.

पहारेकऱ्याचा नातू,
आस्गेर