सामान घेतलं त्याची हकिकत

जळगाव,
ता. १२ जानेवारी २०२५

प्रिय सुनंदास,

हसीनाआपाचा सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पिंपळनेरला थंडी जास्त असेल, तेव्हा छाती झाकून घेत जा. नानांच्या गुडघ्यांना आराम पडला का?

दर शुक्रवारी तर आपण फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू हसतेस, आणि तू हसलीस की माझं बोलणं भलतीकडेच जातं. कागद हसत नाही.

आधी चांगली बातमी सांगते. तहरीम बी.कॉम. झाली. निकालाच्याच दिवशी म्हणाली, "अम्मी, वीस वर्षं दुसऱ्याच्या ठेक्यात राबलीस. आता साफसफाईचं काम आपलंच काढू." आपली मंदाबाई लगेच तयार झाली. दुसरी ताईबाई. ती तुला माहीत नाही. दीपनगरच्या क्वार्टरांमध्ये बरीच वर्षं काम केलेली आहे, बोलते कमी.

दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी आम्ही चौघी सामान घ्यायला बाजारात गेलो. दुकानदार छगनशेठ पहिल्यांदा फक्त तहरीमशीच बोलत होते. त्यांनी एक चकचकीत पोछा काढला. मी तो उभा धरला, तर दांडा जेमतेम माझ्या पोटापर्यंत आला. म्हटलं, "शेठ, यानं दिवसभर लादी पुसली तर संध्याकाळी आमची कंबर सरळ कोण करणार?" मग ते माझ्याशी बोलायला लागले.

दोन बादल्यांची गाडी घेतली. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत मळकं. तिची पिळणी ताईबाईकडून दाबून घेतली, कारण तिच्या मनगटात जोर कमी आहे. तिला जमली तीच पसंत केली. फडकी रंगारंगाची घेतली, लाल फक्त संडासाला. म्हणजे घाईतसुद्धा संडासाचं फडकं टेबलावर फिरायचं नाही. हातमोजे मात्र सगळे पुरुषांच्या मापाचे. मंदाबाईने घातले तर बोटांची टोकं लोंबायला लागली आणि दुकानातली सगळी माणसं हसली. लहान माप मागवायला सांगितलं आहे. लादी घासायचं मशीन नवं परवडत नाही. जुनं एक धुळ्याला मिळतंय.

धुळे लिहिलं आणि पेन थांबलं. उठून चहा टाकला, भांडी घासली. आता परत बसले आहे.

सुनंदा, सगळं सामान काढून झाल्यावर छगनशेठनी ॲसिडचा कॅन आणि ब्लीचिंग पावडरची पिशवी शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "बाई, हे घ्या. संडास पांढरेशुभ्र निघतील, घासायलाच नको." माझ्या नाकात एकदम तोच वास भरला. कॅनचं झाकण तर घट्ट बंद होतं. मी खाली पायरीवर बसले. तहरीम घाबरली, "अम्मी, काय झालं?" मी म्हटलं, "हे दोन्ही उचला. आमच्या सामानात हे यायचं नाही."

घरी आलो. मग समोर बसली आणि म्हणाली, "सुनंदामावशीला झालं ते यानंच ना?" मी तिला सगळं सांगितलं. आता तुला सांगते, खरं तर आधी तुलाच सांगायला हवं होतं.

तुला त्या दिवसाचं नीट आठवत नाही. तूच म्हणतेस, धुळ्याच्या त्या मंगल कार्यालयात शिरलो एवढं आठवतं, मग एकदम दवाखान्यातली खाट. मधलं मला आठवतं. वऱ्हाड तासाभरात येणार होतं. ठेकेदार अभिमनशेठ दारातून ओरडत होता. संडास पिवळे पडलेले. तू दोन्ही हातांत दोन डबे घेऊन माझ्याकडे आलीस आणि विचारलंस, "आपा, हाई एकत्र चालस का?"

मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं, "टाक दोन्ही, लवकर उरक." दार लोटून घ्यायलाही मीच सांगितलं, वास बाहेर पाहुण्यांत जाऊ नये म्हणून. दोन्हींचा विषारी धूर झाला, आणि दार उघडलं तेव्हा तू आत पडली होतीस.

मला माहीत नव्हतं, हे खरं. पण मुकादम मी होते, तू विचारलं होतंस, आणि मी हो म्हटलं होतं.

यापुढचं जास्त वाईट आहे. तू दवाखान्यात असताना अभिमनशेठने एक कागद आणला. सुनंदाबाईने कोणाला न विचारता दोन्ही एकत्र केलं, असं त्यावर लिहिलं होतं. मी बोदवडच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मला सगळं वाचता आलं. तो म्हणाला, "सही नाही केली तर तुम्हीपण घरी." तहरीमची फी भरायची होती. मी सही केली. त्या कागदामुळे तुझा भरपाईचा अर्ज अडला.

आणि तू खाटेवरून मला विचारलंस, "आपा, मनी चूक व्हती का?" मी तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि गप्प राहिले. गावात तुला धांदरट म्हणतात, हे तू मला हसत सांगतेस. दर वेळी मी तब्येत विचारते आणि फोन ठेवते.

तहरीम दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. म्हणाली, "फी माझी होती. तू बोल, मी लिहिते." मी म्हटलं, "नको, मीच लिहिते." ३ तारखेला आम्ही दोघी धुळ्याला कामगार कार्यालयात गेलो. आधीचा जबाब खोटा होता आणि दोन्ही एकत्र टाकायला मीच सांगितलं, असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "बाई, याचा त्रास तुम्हालाही होऊ शकतो, समजतंय ना?" मी म्हटलं, समजतंय. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे. तुझ्या अर्जाला लाव. तारीख पडली की मी येऊन तोंडाने सांगेन.

अभिमनशेठ त्याच्याकडची दोन मंगल कार्यालयं आम्हाला देणार होता. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, आता काम विसरा म्हणून. मी हे मंदाबाई आणि ताईबाईला सांगितलं, आणि का तेही सांगितलं. मंदाबाई रडली, मग मला खूप बोलली, ते बरोबरच होतं. ताईबाई एवढंच म्हणाली, "बोदवडला एका पतसंस्थेचं ऑफिस आहे. लहान आहे. विचारते." बुधवारपासून तिथं जातोय. पहिल्या दिवशी कामाला हात लावायच्या आधी मी तिघींना समोर बसवलं आणि कशात काय मिसळायचं नाही ते सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं, आणि माझंही.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. तेवढं मागायचं तोंड मला नाही. शुक्रवारी फोन करायचा की नाही, तुझं तू ठरव. फक्त एक कर. हे पत्र नानांना मोठ्याने वाचून दाखव. आणि गावात तुला जी जी धांदरट म्हणाली, तिलाही दाखव. तुझी काही चूक नव्हती, सुनंदा. तू विचारलं होतंस.

हसीनाबी,
जिने 'टाक दोन्ही' म्हटलं