रंगीत ठोकळ्यांतून सूट मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
कर्मचारी पुनर्प्रशिक्षण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : प्रोग्रॅमिंगच्या परीक्षेत रंगीत ठोकळ्यांऐवजी साधे टाइप करण्याचे साधन वापरू देण्याबाबत, तसेच फसवणुकीच्या आरोपाचा खुलासा.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. मी या कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होतो. मला जन्मापासून दिसत नाही. टेलिफोन बोर्ड काढून टाकल्यावर, प्रोग्रॅमिंगची प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झालो तरच नोकरी राहील, असे आपण कळवले. त्याबद्दल तक्रार नाही.

२. नवशिक्यांसाठी आपण ठरवलेल्या साधनात काही लिहावे लागत नाही. रंगीत ठोकळे माउसने उचलून एकमेकांना जोडले की प्रोग्रॅम तयार होतो. माझा संगणक पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. ठोकळ्यावर गेलो की तो 'चित्र' म्हणतो, पुढच्या ठोकळ्यावरही 'चित्र'च. साध्या टाइप करण्याच्या साधनात मला अक्षर न अक्षर ऐकू येते. परंतु ते आपल्या यादीत 'अवघड' या सदरात असल्याने सोपे पार केल्याशिवाय मिळत नाही. ही अडचण मी तोंडी सांगितली. त्यावर आपल्या कार्यालयाने ठोकळ्यांचे रंग गडद करून दिले.

३. प्रशिक्षणाच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या लिफ्टमनने (त्याची लिफ्ट आता आपोआप चालते) माझा हात धरून माउस फिरवून पाहिला. या भानगडीत त्याचाही प्रोग्रॅम चुकला आणि दोघांनाही नक्कल केल्याची समज मिळाली.

४. म्हणून मी लेखी अर्ज केला. उत्तर टपालाने घरी आले. ते माझ्या पत्नीने वाचून दाखवले. अर्ज मंजूर आहे, असे तिने वाचले. वर्गातल्या शिक्षकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, पत्र न मागता, टाइप करण्याचे साधन दिले. त्यानंतर जे शिकवले ते सारे मला समजत गेले. या वयात काही नवे जमू लागले की माणसाला किती बरे वाटते, हे खुलाशात लिहिण्याची पद्धत नाही, तरी लिहितो.

५. परीक्षेत माझा प्रोग्रॅम बिनचूक चालला. हे साधन कोणाच्या परवानगीने वापरले, असे पर्यवेक्षकांनी विचारताच मी खिशातले पत्र ऐटीत त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. 'नामंजूर' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

६. मी खोटी परवानगी दाखवली, असे नोटिशीत म्हटले आहे (ती लिफ्टमनने वाचून दाखवली). पत्र आपलेच होते. मी पत्नीला विचारले. कित्येक दिवस तुम्ही धड जेवत नव्हतात, त्या दिवशी तरी जेवाल म्हणून तसं वाचलं, असे ती म्हणाली. मी पोटभर जेवलो, आणि मग खरे सांगण्याचा तिला धीर झाला नाही. तेव्हापासून ती घरात आलेला कोणताच कागद वाचत नाही. विजेचे बिलही तसेच पडून आहे. मला तिचा राग आला होता. थोडा अजूनही आहे.

७. तरी विनंती की, माझी परीक्षा ग्राह्य धरावी किंवा त्याच साधनावर पुन्हा घ्यावी. शिक्षकांवर कारवाई करू नये, त्यांचा दोष नाही. यातले काहीच शक्य नसल्यास निदान उत्तर कागदावर पाठवू नये. फोन करावा, तो मीच उचलेन. नकार असला तर मी ऐकून घेईन. तिला तो वाचायला लावू नये.

फोनजवळच बसलेला,
आपला नम्र,
(सही)
टेलिफोन ऑपरेटर (पद रद्द)
दि. ११ जुलै

सोबत : १) नोटिशीची प्रत २) चाललेल्या प्रोग्रॅमची छापील प्रत