तिसऱ्या रकातीची टाळी

स्फाक्स, ७ मे २०२०

ती. लल्ला बेय्या हिस धाकटी बहीण दलेंदा हिचा स. सलाम, वि. वि.

पार्सल पोचलं. हरिसाची तिखट मिरची-चटणी एक बरणी, नारंगीच्या फुलांचं पाणी दोन बाटल्या (एक पाऊणच, बूच नीट बसवत जा), लोकरीचे गुंडे तीन. आणणाऱ्याने सात दिनार घेतले. तेवढ्यात इथे मासळी आली असती, पण वहीत 'माया' म्हणून लिहिलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की बातमी इमारतभर होते, म्हणून पत्र.

टाळेबंदीत घरोघरी उद्योग निघालेत. समोरची मुनजिया रोज पाव भाजते आणि रोज वाटते. आमच्या दातांची काळजी वाटते. ह्यांनी चारदा फडताळ लावलं, आता मीठ साखरेच्या डब्यात सापडतं. पण मशिदी बंद, म्हणून रमजानची तरावीह, ती रात्रीची लांब नमाज, हे घरीच पढवू लागले. तेहतीस वर्षं हे मशिदीत आणि मी चुलीशी. पहिल्यांदाच ह्यांच्या मागे उभी राहिले, लल्ला. तेरा दिवस फार सुखाचे गेले.

काल घात झाला. नमाजेच्या दोन रकातींचं आवर्तन झालं की बसायचं, तर हे तिसरीला उठले. टीव्हीवरचा शेख सांगतो, इमाम चुकला तर बाईने टाळी वाजवावी. मी वाजवली. हे हलेनात, म्हणून जोरात वाजवली. खिडकी सताड उघडी! डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायची सवय लागलेली, त्यामुळे मुनजियाने धरलं, मग वरच्या मजल्याने, कोणी पातेलं बडवलं. आणि हे बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे. सकाळी मुनजिया विचारत होती, लस निघाली का म्हणून.

जिथे नाचगाण्यासारख्या टाळ्या पडतात तिथे आपण पढवणार नाही, असं ह्यांनी जाहीर केलंय. आजपासून एकटेच गच्चीवर पढणार म्हणे. मोजण्यात माझं काही चुकलं नाही, पण पुढची रिकामी जागा बघवणार नाही. काय करू, लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी दलेंदा

नाबुल, १३ मे २०२०

चि. दलेंदास अनेक आशीर्वाद, वि. वि.

बूच नीटच बसवलं होतं. पत्र वाचून इतकी हसले की चष्मा कोशिंबिरीत पडला.

अगं शहाणे, टाळी आणलीस कुठून? आपल्याकडे इमाम चुकला तर बाप्या असो की बाई, हळूच 'सुब्हानल्लाह' म्हणायचं. बाबांच्या मसल्यांच्या, नमाजेच्या नियमांच्या, पुस्तकात स्वच्छ लिहिलंय. तो शेख परमुलखातला, त्याचा रिवाज त्याच्यापाशी. म्हणजे तुझा नवरा तीजानी चुकला एका रकातीने आणि तू अख्ख्या इमारतीने. चौथीत भर वर्गात मास्तरांची बेरीज सुधारलीस, तेव्हा निदान तुझी बेरीज बरोबर होती.

जा, त्याला सांग की तू चुकलीस. सवय नाही, जड जाईल, पण त्याने माणूस मरत नाही. माझ्या घरात चार वर्षं झाली, चुकायला कोणी नाही.

लोभ आहेच, शहाणपणही थोडं असू दे.
लल्ला

स्फाक्स, २० मे २०२०

ती. लल्लास स. सलाम, वि. वि.

मला बोलवेना, म्हणून तुझं पत्रच ह्यांच्यापुढे ठेवलं. ह्यांनी दोनदा वाचलं. मग बाल्कनीत जाऊन मुनजियाला ओरडून सांगितलं की बायको चुकली, लेखी पुरावा आहे. खालच्या वाण्यालाही कळलंय. कळू दे. त्या रात्री ह्यांनी दोन्ही चटया स्वतः अंथरल्या. परवा पुन्हा तिसरीला उठू लागले. मी हळूच 'सुब्हानल्लाह' म्हटलं, लगेच बसले. मला तर वाटतं मुद्दाम उठत होते. अल्लाह माफ करो.

आता नवीनच. पुढच्या महिन्यात मशिदी उघडणार म्हणतात. मीही अल्हमदुलिल्लाह म्हटलं आणि कांदे चिरायला बसले, म्हणजे डोळ्यांचं कोणी विचारू नये. ह्यांचा गुडघा तसा ठीक आहे, पण जिना चढताना आवाज करतो. बाबांच्या पुस्तकात जरा बघ, अशा गुडघ्याच्या माणसाने निदान रात्रीची नमाज घरी बायकोला घेऊन पढली तर चालते का?

चालत असेल तर उलट टपाली कळव. चालत नसेल तर घाई नाही.

तुझी दलेंदा