नाव घेऊन केलेली प्रार्थना

चिंचवड,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

कस्तुराताईंना सुजित उजागरेचा सप्रेम जय भीम.

आमच्याकडे सगळं ठीक. थंडीने आमच्या हिचा, अंजलीचा, गुडघा धरलाय, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुमची नवी खोली कशी आहे? आळंदीकडून सकाळच्या शिफ्टला कंपनीची बस वेळेवर मिळते ना? तिघी बायका एका खोलीत म्हणजे स्वयंपाकालासुद्धा नंबर लागत असेल.

काल रविवारी धम्माला भेटलो. निरीक्षणगृहात जाऊन त्याला आता पाच महिने झाले. गालावर थोडं मांस आलंय. कॅरममध्ये मला सलग दोनदा हरवलं आणि वर म्हणतो, "काका, तुम्ही राणीकडं बघतच बसता, तवर मी घेतो." मी तीस वर्षं कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनांवर, सुपरवायझर होतो, माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. या पोराने बोललेलं मात्र गोड लागतं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मी चर्चतर्फे तिथे जातो हे कळल्यावर पहिल्याच रविवारी त्याने मला तोंडावर ऐकवलं होतं, "काका, मी बुद्ध हाय. मला तुमची प्रार्थना नको." मी म्हटलं, नको तर नको, डाव मांड. पुढे काही रविवारांनी तोच म्हणाला, "मी त्रिसरण-पंचशील म्हणतो, तुम्ही नुसतं शेजारी गप बसा." मी बसलो. दुसऱ्या शीलाला, म्हणजे चोरी न करण्याच्या, त्याचा आवाज बंद झाला. तांब्याची तार उचलणारे ते दोघे मोठे होते, हा नुसता गेटवर उभा होता, पण त्यांच्यामागे पळताना वॉचमनचा पाय मोडला तो त्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने तिथूनच सुरुवात केली आणि पाचही शीलं पुरी म्हटली. ताई, पोरगा वाईट नाही. हे तुम्ही आई म्हणून म्हणता, मी परका असून म्हणतो.

आता शुक्रवारचं. बाल न्याय मंडळापुढे तारीख आहे आणि तिथल्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं, दिवसभर घरात कुणी मोठं माणूस असेल अशा ठिकाणीच मुलाला सोडतील, नाहीतर मुक्काम वाढेल. तुमच्या खोलीत ते जमणार नाही. पुनावळ्याला तुमच्या नणंदेचं घर आहे, गोजाबाई दिवसभर घरी असतात, त्यांनी स्वतःहून "माझ्याकडं आणा" म्हणून सांगितलंय. आणि तुम्ही गेल्या आठवड्यात मला फोनवर म्हणालात, "भाऊ, त्या बाईनं माझ्या लेकराचं नाव अख्ख्या कुरुळीत फोडलं. तिच्या उंबऱ्यात माझं पोर पाय ठेवणार न्हाई." मी "बघू, बघू" करून फोन ठेवला.

फोन ठेवला, कारण पुढचं तोंडाने बोलायची हिंमत नव्हती. म्हणून हे पत्र. आणि त्यातही मी गुडघा आणि बस लिहीत बसलो.

ताई, गोजाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलं.

आमच्या चर्चच्या मंडळींत एक पद्धत आहे. घरोघर प्रार्थनासभा भरतात, तेव्हा कुणाकुणासाठी विनंती करायची त्यांची नावं घेतात. नुसतं "एका आजाऱ्यासाठी" म्हटलेलं आमच्या जुन्या लोकांना चालत नाही. कोण, कुठला, कुणाचा, सगळं सांगायचं, जणू पत्त्याशिवाय देव वाट चुकणार आहे. मला ही पद्धत लहानपणापासून प्यारी. माझ्या वडलांच्या दुखण्यात चाळीस माणसांनी त्यांचं नाव घेतलं होतं, ते मी अजून विसरलो नाही.

जुलैतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आमच्या चर्चमधल्या जयदीपच्या खोलीवर सभा होती. कुरुळीतच. तुम्ही कुरुळीत राहता एवढं ठाऊक होतं, पण तुमची चाळ त्याच्या मागच्या भिंतीला लागून आहे हे माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं ही काही सबब नाही. अशा मुलांचं नाव बाहेर काढायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावून, वर सही घेतलेली. माझी पाळी आली, धम्माचं रडणं आठवलं, भरून आलं, आणि मी म्हणून गेलो, "प्रभू, कुरुळीच्या कस्तुराबाईंचा धम्मरत्न निरीक्षणगृहात आहे, त्याच्यावर तुझा हात राहू दे." प्रेस शॉपने माझा कान बिघडवला आणि आवाज वाढवला. खिडकी उघडी होती. बाहेर नळावर बायका होत्या.

तुम्ही लोकांना सांगितलं होतं, मुलगा परभणीला मामाकडे शिकतो. मंगळवारी घरमालक दादासाहेब तुमच्या दारात आले आणि "आमाला सगळं समजलंय, खोली बघा दुसरी" म्हणाले. आठवड्यात तुम्ही सामान उचललंत. माझ्याखेरीज खरं माहीत असलेलं बाहेरचं माणूस एकच, गोजाबाई. तुम्ही त्यांच्यावर ठपका ठेवलात, दुसरं कुणीही हेच केलं असतं.

ऑगस्टमध्ये धम्माकडून हे सगळं मला कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच दुपारी तुम्ही गेटवर भेटलात, शेंगदाण्याचे लाडू माझ्या हातावर ठेवलेत आणि म्हणालात, "तुमच्यासारखं मानूस आमच्या नात्यातबी न्हाई." आणि मी ते लाडू खाल्ले, ताई. बाहेर फुटलं तर माझं जाणं बंद होईल, मग धम्माचं कसं होईल, असं मनाला समजावत राहिलो. ते खोटं नव्हतं. पण त्याहून मोठं खरं हे, की तुम्ही मला चांगला म्हणत होतात ते सोडवत नव्हतं.

काल धम्माला पहिल्यांदा सांगितलं. त्याने सोंगट्या गोळा केल्या, डबीत भरल्या, झाकण लावलं. मग म्हणाला, "मग आत्यानं उगंच आईच्या शिव्या खाल्ल्या म्हना की." मला एक शब्द वेडावाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तिथेच अधीक्षकांना लेखी कळवून आलो. निर्णय होईपर्यंत माझा रविवार बंद आहे, आणि बहुधा कायमचा. तक्रार नाही.

मग तसाच पुनावळ्याला गेलो. गोजाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मला म्हाईत व्हतं." कुरुळीतल्या एका बाईने त्यांना जुलैतच सांगितलं होतं, की प्रार्थनावाल्या काकांच्या तोंडून नाव आलं. मी विचारलं, "मग वहिनींना का नाही सांगितलंत? चार महिने त्यांच्या शिव्या का खाल्ल्या?"

त्या म्हणाल्या, "वैनीला सांगितलं आसतं तर ती सायबाकडं गेली आसती. तुमचं जानं बंद झालं आसतं. वैनीची शिफ्ट, तिला म्हैन्यातनं एकदा जमायचं. मला तर तिनं तिकडं फिरकू नको म्हनून बजावलेलं. दर आयतवारी त्या लेकराजवळ बसनारं तुमच्याबिगर व्हतं कोन? माझं काय, मी घरचीच हाय. आज बोलत न्हाई, उद्या बोलंल."

एवढं बोलून त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. मला मात्र तिथे उभं राहवेना. मुलांजवळ बसायला मी जातो असं मी समजत होतो. तो रविवार चार महिने त्यांनी राखला होता, तोंड बंद ठेवून.

निघताना त्यांनी बजावलं, "वैनीला यातलं काई कळू देऊ नका." मी कबूल झालो, आणि आता लिहितोय. न सांगायचं दुसऱ्यांदा सांगतोय, यावेळी समजून उमजून.

मला माफ करा असं मागणार नाही. तुमचं घर माझ्या तोंडाने गेलं, आणि ते प्रार्थनेत गेलं म्हणून माझा दोष कमी होत नाही. पत्र अंजली हातोहात आणून देईल. तिला बसवून घ्या अगर दारातून परत पाठवा, ती समजून घेईल.

शुक्रवारी अकराला गोजाबाई मंडळाच्या गेटबाहेर येऊन थांबणार आहेत. वैनीनं बोलावलं तर आत जाईन, न्हाईतर लांबनं पोराला बघून येईन, म्हणाल्या. मी येणार नाही. तेवढं त्यांना आत बोलवा.

तुमचा अपराधी,
सुजित उजागरे