मांडी घालून टिपलेलं हरीण

तीर्थस्वरूप अनिलमामांस,

अल ऐनहून दत्तप्रसादचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे यंदा अर्धाच वाकलो आहे, कारण पुढे येईल.) तुमची शुगर कशी आहे? मामींनी पेढ्यांचा डबा अजून कपाटावरच लपवलेला आहे का? इकडे आम्ही तिघंही मजेत. ऑफिसातला समाधान सुटीवर साताऱ्याला निघाला आहे, त्याच्याबरोबर खजूर आणि हे पत्र पाठवतो. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला तोडता आणि आज मला सलग बोलायचं आहे.

मामा, मी रायफलच्या नेमबाजीत पहिला आलो. (चष्मा पुसून पुन्हा वाचा.) गेली सत्तावीस वर्षं, लग्न असो, मुंज असो, पंगत बसली की तुमच्यातला निवृत्त सुभेदार जागा होतो आणि तीच गोष्ट सांगतो: एनसीसीच्या कॅम्पात दत्तूने दोन्ही डोळे गच्च मिटून सरकारच्या पाच गोळ्या आभाळाला अर्पण केल्या. माझ्या स्वतःच्या लग्नातही तुम्ही ती सोडली नाहीत. अंतरपाटापलीकडून अनुपमाचं हसणं मला स्पष्ट ऐकू आलं होतं. आता डिसेंबरात तुमच्या वैभवीचं लग्न. आमची अस्मी चौदाची झाली, उत्तरं इंग्रजीत देते पण मराठी तिला सगळं कळतं. तिच्यासमोर माझं हसं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, हे आधीच कबूल करतो.

तर झालं असं की यंदा कंपनीच्या क्रीडादिनात शिकारीच्या परिस्थितीतली नेमबाजी ठेवली होती. शिकार म्हणजे लोखंडी हरणं, घाबरू नका. (संकष्टी असल्यामुळे अनुपमाने तरीही हरकत घेतली. लोखंडाचं असलं तरी मनात तर हरीणच असतं ना, असं तिचं म्हणणं. शेवटी बाप्पाची आगाऊ माफी मागून निघालो.) एरवी रेंजवर टेबल असतं, डोक्यावर पंखा असतो. इथे यातलं काही नाही. वाळूचा चढ पळत चढायचा, वर पोचल्यावर मिळेल तसं बसायचं आणि नव्वद सेकंदांत पाच गोळ्यांत पाच हरणं टिपायची. ती झुडपांमधे कमी-जास्त लांब उभी, कोणतं किती लांब हे कुणी सांगणार नाही, आणि वारा त्याच्या मर्जीने. शिकवायला शहरबानू मॅडम होत्या. टेबल का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "भाईसाब, हिरन टेबल के सामने आके खड़ा नहीं होता."

चार शनिवार सराव केला. पहिल्या शनिवारी चढ चढून गेलो तर छातीत इतकं धडधडत होतं की नळी आपोआप वरखाली होत होती. पालथा झोपलो, तर तोंडासमोर काटेरी झुडूप, आणि हरीण एकही दिसेना. शर्टात वाळू गेली ती सोमवारी मीटिंगमधेही निघत होती. दुसऱ्या शनिवारी गुडघ्यावर बसून पाहिलं, तेव्हा गुडघ्यातून जो आवाज आला त्याला मॅडमनी गोळी समजून वही उघडली. आमचा सेफ्टी मॅनेजर जमाल मात्र लष्करी ठिपक्यांची पँट आणि रायफल टेकवायची तिपाई घेऊन आला होता. माझ्याकडे तो दयेने बघायचा. तिसऱ्या शनिवारी दमून मी वाळूत नुसता बसलो. मांडी घालून, पंगतीला बसतो तसा. आणि मामा, कोपरं आपोआप मांड्यांवर टेकली आणि नळी थांबली! हलेचना! शेहेचाळीस वर्षांत या देहाने एकच विद्या पूर्ण आत्मसात केली आहे, ती म्हणजे वाढपी दुसऱ्यांदा येईपर्यंत पानासमोरून न हलणं. ती वाळवंटात उपयोगी पडली. मला खरोखर भरून आलं. जमालनेही लगेच मांडी घालायचा प्रयत्न केला, पण जिममधे कमावलेले त्याचे पाय दुमडेनात.

अंतिम फेरीत जमालने चार टिपली. मी सत्तर सेकंदांत चार. पाचवं सगळ्यांत लांब आणि वारा सुटलेला. त्या क्षणी मला तुमचा कॅम्पातला आवाज आला: श्वास अर्धा सोड, मग थांब. तसंच केलं. टण्ण! शहरबानू मॅडम ओरडल्या, "खलास! पाँच के पाँच!" जमालने "मबरूक, हबीबी" म्हणून मिठी मारली. पितळेचं हरीण टीव्हीशेजारी ठेवलं आहे, आत्तापर्यंत तीनदा पुसलं. तेव्हा मामा, वैभवीच्या लग्नात ती जुनी गोष्ट आता बंद. एवढं ऐका.

मामींना नमस्कार. पेढ्यांचं मी काही लिहिलेलं नाही.

तुमचा नेमबाज भाचा,
दत्तप्रसाद

ता.क. खजुराचे डबे दोन आहेत. समाधान एकच म्हणाला तर दुसरा मागा.

ता.क. २. अस्मीने फायनलचा व्हिडिओ काढला होता. तो मोठा करून पाहिला असता असं दिसतं की पाचव्या गोळीला माझे दोन्ही डोळे मिटलेले आहेत. गच्च. (आधीच्या चारांना उघडे होते, गळ्याशपथ.)

ता.क. ३. अस्मीने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला, माझ्याशेजारी सोफ्यावर बसून, कानातले हेडफोन काढून. अशी ती दोन वर्षांत बसली नव्हती. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग विचारते, "बाबा, हॅव यू ऑल्वेज डन दॅट?" मी म्हटलं, ते मामाआजोबांना विचार. तेव्हा वर लिहिलेलं रद्द. लग्नात ती गोष्ट सांगाच, तिला जवळ बसवून, हातवाऱ्यांसकट. फक्त शेवटी एवढं जोडा, की पाच आभाळात गेल्या, पण डोळे मिटून मारलेली सहावी लागली.